खांद्यावर टेंगूळ आलंय? चोळू नका, ओढू नका

पावसात स्कूटर घसरते आणि तुम्ही थेट खांद्यावर आपटता. घरी येऊन आरशात पाहता, तर खांद्याच्या वर टेंगूळ! घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, ‘‘खांदा निखळलाय, चल, बसवून आणू.’’ इथेच थांबा.

नेमकं काय होतं?

खांदा निखळतो तेव्हा दंडाच्या हाडाचा गोल भाग खोबणीतून बाहेर येतो. ही दुखापत वेगळी आहे. गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे कॉलर बोन, खांद्याच्या वरच्या टोकाशी जिथे जोडलेलं असतं, त्या छोट्या सांध्याला एसी जॉइंट म्हणतात. पडल्यावर त्याला धरून ठेवणारे लिगामेंट ताणले जातात किंवा तुटतात. हाताच्या वजनाने खांदा खाली झुकतो आणि कॉलर बोनचं टोक वर आल्यासारखं दिसतं. त्यामुळे हात ओढून काहीच ‘बसत’ नाही. उलट अर्धवट फाटलेला लिगामेंट आणखी फाटू शकतो. आणि खांदा खरोखर निखळला असला, तरी तो बसवणं हे डॉक्टरांचंच काम आहे.

लगेच काय कराल?

हात पोटाशी धरून ओढणीच्या किंवा रुमालाच्या झोळीत ठेवा. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं शेका. चोळणं आणि गरम शेक टाळा. मग ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढा. बोटं बधिर, गार किंवा निळी पडली, श्वास घेताना त्रास झाला किंवा हाड कातडीतून बाहेर आलं, तर वेळ न घालवता इमर्जन्सी विभाग गाठा.

ऑपरेशन लागतंच का?

या दुखापतीचे ६ प्रकार आहेत. पहिल्या दोन प्रकारांत ऑपरेशन लागत नाही. तिसऱ्यातही बहुतेकदा आधी विश्रांती आणि फिजिओथेरपीच सुचवतात. मात्र तुमचं काम हात डोक्याच्या वर नेण्याचं किंवा ओझं उचलण्याचं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुढच्या तीन प्रकारांत सहसा ऑपरेशन करावं लागतं.

रोजची काळजी

स्लिंग साधारण १ ते ३ आठवडे लागते. ‘दुखतंय, राहू दे’ म्हणून ती महिनोन्‌महिने घालू नका, खांदा आखडतो. बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवत राहा. खांद्याचे व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरू करा.

कपडे घालताना दुखरा हात बाहीत आधी घाला, काढताना शेवटी काढा. त्या कुशीवर झोपू नका. पाठीमागे उशा लावून टेकून झोपलात तर आराम पडेल. पर्सचा पट्टा, पाण्याची बादली, कडेवरचं मूल काही दिवस दुसऱ्या बाजूला किंवा दुसऱ्या कुणाकडे. घरातल्यांना मदत मागण्यात कमीपणा कसला?

जड वजन उचलायला ६ ते १२ आठवडे लागू शकतात. दुखणं थांबलं म्हणजे लिगामेंट भरून आला असं नाही, म्हणून घाई नको.

आणि ते टेंगूळ? लिगामेंट पूर्ण तुटला असेल, तर ते थोडंफार कायम राहू शकतं. आरशात दिसलं तरी घाबरू नका. तुमचा हात वरच्या फळीवरचा डबा न दुखता काढू लागला, की खांदा बरा झाला असं समजा.