सलाईनआडची उपासमार

बेसा-मानेवाडा रस्त्यावर वस्तीबरोबर रुग्णालयेही वाढली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे मेडिकल, फार दूर नाही, मिहानमध्ये एम्स आले. दक्षिण नागपूरकरांची धावपळ कमी झाली. आता भरती रुग्णाच्या पलंगाला अडकवलेला केसपेपर एकदा नीट वाचा. ताप, नाडी, बीपी, शुगर, लघवी किती झाली, सगळे वेळच्या वेळी लिहिलेले असते. रुग्णाने काल काय खाल्ले, किती खाल्ले, याची नोंद मात्र बहुतेक ठिकाणी सापडत नाही.

ऑपरेशनच्या रुग्णाला रात्री बारापासून उपाशी ठेवतात. सकाळचा नंबर दुपारवर जातो, दुपारचा संध्याकाळवर, आणि तोवर पाण्याचा घोटही नाही. वास्तविक बहुतेक रुग्णांना हलक्या खाण्यानंतर ६ तास आणि साध्या पाण्यानंतर २ तास पुरतात, हे भूलतज्ज्ञांनी केव्हाच मान्य केले आहे. घरून आलेला वरण-भाताचा डबा भरलेलाच परत जातो आणि नातेवाईक एकमेकांना धीर देतात, 'सलाईन चालू आहे ना!' त्या बाटलीचा हिशेब असा: ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे ८५ कॅलरी. एका पोळीइतक्या. प्रथिने शून्य. नुसते मिठाचे सलाईन असेल तर कॅलरीही शून्य.

ही उपासमार मोजता येते. अन्न थांबले की यकृत चरबीपासून कीटोन बनवते आणि मेंदूही त्यावर चालू लागतो. बोटातला रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला की बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हे मुख्य कीटोन काही सेकंदांत कळते. एरवी ते लिटरमागे ०.६ मिलिमोलच्या आत असते. अनेक दिवसांच्या उपासात ५-६ पर्यंत चढते. लघवीची जुनी पट्टी नेमके हेच कीटोन दाखवत नाही. तरी एके काळी लघवीचीच तपासणी हाताशी होती. जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीतील उपोषणात गांधीजींच्या लघवीत अ‍ॅसिटोन द्रव्ये, म्हणजे कीटोनच, उतरली, तेव्हा देखरेख करणाऱ्या डॉक्टरांची काळजी वाढली. त्यांत सुशीला नय्यर होत्या, ज्यांनी पुढे सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले.

म्हणून सर्वांचे कीटोन मोजा आणि त्यावरून पोषण ठरवा, असे म्हणणे मात्र मला पटत नाही. हा आकडा गेल्या एक-दोन दिवसांचे सांगतो, गेल्या सहा महिन्यांचे नाही. डेक्स्ट्रोज चालू असेल किंवा जंतुसंसर्गाच्या ताणाने इन्सुलिन चढलेले असेल, तर कीटोन दबतात. आकडा दिसतो छान आणि स्नायू झिजत राहतात. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर विसंबणेही असेच फसवे, कारण ते आजाराच्या दाहानेच उतरते. उलट मधुमेहात चढलेले कीटोन उपास नव्हे, थेट धोका दाखवतात. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्याला उपाशी ठेवले तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्ल होऊ शकते. या गोळ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवायच्या असतात. अशा रुग्णासाठी रक्तातले कीटोन मोजणाऱ्या महाग पट्टीचा खर्च जरूर करावा.

बाकीच्यांसाठी वजनकाटा आहे. क्लीव्हलँडचे डॉ. हायरम स्टडली यांनी १९३६ मध्येच दाखवले होते, की जठरव्रणाच्या ज्या रुग्णांचे वजन ऑपरेशनपूर्वी पाचव्या हिश्शाहून अधिक घटले होते, त्यांच्यातले सुमारे ३३ टक्के दगावले. इतरांत हे प्रमाण ३.५ टक्के होते. भरतीच्या वेळी वजन करायला आणि 'आधी किती होते?' एवढे विचारायला कोणते यंत्र लागते? ताट परत नेताना पाव, अर्धे की पूर्ण संपले, अशी खूण सिस्टरने केसपेपरवर करावी आणि राउंडला डॉक्टरांनी ती पाहावी. बेसा-पिपळ्यातल्या दहा खाटांच्या रुग्णालयालाही हे जमण्यासारखे आहे. नातेवाइकांनीही विचारावे, पुढचा घास केव्हा? आणि बरेच दिवस उपाशी असलेल्याला मायेपोटी एकदम भरपेट भरवू नये. तसे केल्यास रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्याचे जेवण डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोड्याथोड्याने वाढवत न्यायचे असते.