४७५ डॉलरची मेल्व्हिनिया

वंशावळ हा शब्द निघाला की आपल्याकडे अनेकांच्या कपाळाला आठी पडते. ती रास्तच आहे. ज्यांनी गोत्रं, कुलवृत्तांत आणि तीर्थक्षेत्रांतल्या वह्या सांभाळल्या, त्यांनीच आपल्याला जन्मावरून मोजलं. त्यामुळे पूर्वज शोधणं हा सवर्णांचा छंद, असं म्हणून आपण विषय सोडून देतो. तो सोडू नये, असं माझं मत आहे, आणि ते मी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या आधाराने मांडणार आहे. गुलामांचे वंशज एकोणिसाव्या शतकातला आपला पूर्वज शोधायला निघतात, तेव्हा त्यात कुळाचा टेंभा मिरवणं नसतं.

हे वंशज मागे जाता जाता १८७० ला येऊन अडकतात. त्या वर्षीच्या जनगणनेत पूर्वीच्या गुलामांची नावं पहिल्यांदा सरसकट लिहिली गेली. त्याआधी १८५० आणि १८६० ला गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत नाव मालकाचं, आणि त्याखाली ओळीनं वय, लिंग, रंग. स्त्री, ३०, काळी. मुलगा, ८, काळा. १८६० मध्ये सुमारे ४० लाख माणसं अशी बिननावाची मोजली गेली. शिरगणतीच ती, माणसांच्या नावाची गरज कोणाला होती!

मग शोधायचं कुठे? मालकाच्या कागदांत. मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, गहाणखत, वाटणीपत्र. ज्या कागदानं माणसाला वस्तू केलं, तोच कागद आज त्या माणसाचा एकमेव साक्षीदार असतो.

मिशेल ओबामांच्या घराण्याचं उदाहरण घ्या. त्यांच्या आईच्या बाजूला पाच पिढ्या मागे मेल्व्हिनिया नावाची मुलगी आहे. साउथ कॅरोलायनातल्या एका म्हाताऱ्या मालकाने १८५० मध्ये मृत्युपत्र केलं. सूतकताईचे चरखे, विळे, गुरं यांच्या वाटणीत ही साधारण सहा वर्षांची पोरही होती. मालक मेल्यावर तिची किंमत ठरली ४७५ डॉलर, आणि तिची रवानगी जॉर्जियात मालकाच्या मुलीकडे झाली. १८७० च्या जनगणनेत ती सापडते ती त्या मालकाच्या जावयाचं आडनाव लावून, मेल्व्हिनिया शील्ड्स म्हणून. तिच्या चार मुलांपैकी तिघांपुढे ‘मुलॅटो’, म्हणजे मिश्रवर्णी, असा शेरा आहे. बापाचं नाव ती कधी बोलली नसावी. पुढे दोन्ही बाजूंच्या वंशजांच्या डीएनए चाचण्या झाल्या आणि बोट गेलं मालकाच्याच मुलाकडे. १९३८ मध्ये ती वारली. मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांच्या रकान्यात लिहिलंय: माहीत नाही.

मात्र हा सगळा शोध आजच्या संशोधकांनी सुरू केला असं समजू नका. तो गुलामगिरी संपली त्या दिवसापासून सुरू आहे. न्यू ऑर्लिन्समधून १८७७ ला ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट’ हे पत्र निघालं. त्यात ‘हरवलेले मित्र’ हे सदर असायचं. पन्नास सेंट द्यायचे आणि विकल्या गेलेल्या आईचा, भावाचा शोध छापायचा. पाद्री ते चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवत. त्या जाहिरातींत मालकांची नावं वारंवार येतात. आधी अमक्याकडे होतो, मग तमक्याला विकलं. आईचा पत्ता म्हणजे शेवटच्या मालकाचं नाव, दुसरा पत्ता कुठून आणणार?

अलेक्स हेलींचं ‘रूट्स’ १९७६ ला आलं आणि हजारो कुटुंबं अभिलेखागारांकडे वळली. हेलींनी आपला वंश गांबियातल्या कुंटा किंटेपर्यंत नेला. पुढे अभ्यासकांनी कागद तपासले तेव्हा गृहयुद्धाआधीच्या पिढ्यांचे दुवे जुळेनात. लोकांना जागं केल्याचं श्रेय त्यांचं आहेच. पण मला त्या तेजस्वी आफ्रिकी पूर्वजापेक्षा ४७५ डॉलरची मेल्व्हिनिया जास्त मोलाची वाटते. आपल्याकडेही ‘आम्ही मूळचे क्षत्रिय’ म्हणत जनगणना खात्याकडे अर्ज करणाऱ्या जातिसंघटना होऊन गेल्याच की! राबणारा पूर्वज पुरेसा का वाटू नये?

शिवाय या कागदांतून हक्क उभा राहतो. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी २७२ गुलाम लुइझियानात विकायचा करार केला. रक्कम १ लाख १५ हजार डॉलर. त्यातला काही पैसा जॉर्जटाउन विद्यापीठाचं कर्ज फेडायला गेला. त्या माणसांची नावं, बाप्तिस्मे, लग्नं यांच्या नोंदी उरल्या होत्या, म्हणून वंशज सापडले. २०१६ मध्ये विद्यापीठाने जाहीर केलं की माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात जे झुकतं माप मिळतं, ते या वंशजांनाही मिळेल. बापजाद्यांच्या नावावर प्रवेश तिथे आधीपासूनच होता, फक्त त्याला कोणी आरक्षण म्हणत नव्हतं.

पण पुरावा आणायचा कोणी? ज्यांना लिहूवाचू दिलं नाही त्यांच्या वंशजांनी. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. अनुसूचित जातीच्या मुलाने १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा कागद दाखवायचा, आणि पणजोबा तर शाळेच्या पायरीवरही चढलेले नसतात. गुलामगिरी आणि जात एक नव्हेत. कोतवाल बुकात माणसाच्या नावासोबत जात चिकटवलेली असते, तिथे मुळात नावच पुसलेलं. पण जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, हे विसरून चालणार नाही.

मुक्त झालेल्यांसाठी १८६५ मध्ये फ्रीडमन्स बँक निघाली. १८७४ ला ती बुडाली, ठेवीदारांचे पैसेही बुडाले, पण खाती उघडताना भरलेल्या वह्या राहिल्या. त्यांत सुमारे ४ लाख ८० हजार नावं आहेत. कारकून विचारायचा: जन्म कुठला, वाढलात कुठे, मालक कोण, मळा कोणता, आई, बाप, भावंडं कोण. घरात आजी हयात असेल तर हेच प्रश्न घेऊन तिच्यापाशी बसा. मळ्याच्या जागी वाडा किंवा वावर म्हणा, आणि मालकाचं नाव टाळू नका, पुढचा कागद बहुधा त्याच्याच नावाने लागलेला असतो.