पणजोबांचे नाव काय?



तहसील कचेरीच्या व्हरांड्यात एका शेतकऱ्याला आम्ही विचारले, ‘‘तुमच्या पणजोबांचे नाव काय?’’ तो गप्प राहिला. मग हसून म्हणाला, ‘‘साहेब, आजोबांचेच पुरते माहीत नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे.’’ हातात शंभराचा स्टॅम्पपेपर, त्यावर वंशावळ लिहायची होती आणि वरची ओळ कोरी होती.

हसायचा अधिकार आम्हालाही नव्हता. शेतकी कॉलेजात असताना सीएसएच-१ या संकरित ज्वारीचे मातृवाण कोणते, पितृवाण कोणते, हे आम्ही परीक्षेत घडाघडा लिहिले. स्वतःच्या घराण्यात आजोबांच्या पलीकडे आमचीही गाडी सरकत नव्हती.

ही वंशावळ कशासाठी लागत होती, हे नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे पाणी आल्यावर, १९२० ते १९४० च्या दरम्यान, खासगी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी लांब मुदतीच्या खंडाने घेतल्या. शेतकरी मालक राहिला तो कागदावर. नांगर कंपनीचा, ऊस कंपनीचा, आणि मालकाचाच पोरगा त्या उसात मजूर. पुढे १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला. कंपन्यांच्या ताब्यातली जमीन जादा ठरली, सरकारजमा झाली आणि १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेली. खंडाने दिलेली जमीन परत मिळावी म्हणून खंडकऱ्यांनी पन्नास वर्षे मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी २०१२ साली जमिनी परत द्यायला सुरुवात झाली. पण खंडपट्टा लिहून देणारा माणूस तोवर कुठला जिवंत असणार? दारात उभे होते नातू आणि पणतू. त्यांना सिद्ध करायचे होते की, आपण त्याच माणसाचे.

अशाच एका कुटुंबाचे काम आमच्या कार्यकर्त्यांकडे आले. गावाचे आणि घराचे नाव लिहीत नाही, वाद अजून पुरता मिटलेला नाही. तीन चुलतभाऊ. एकाचा बाप कंपनीच्या मळ्यावर मुकादम होता, तो गावातच राहिला. दुसऱ्याचा बाप मुंबईला गिरणीत गेला, ते घर १९८२ च्या संपानंतर अर्धे परतले, अर्धे तिकडेच. तिसऱ्याची शाखा नाशिककडे द्राक्षाच्या बागेत. तिघांनाही एवढेच ठाऊक होते की, ‘‘आपली जमीन कंपनीत गेली.’’ किती, कोणत्या गटात, कोणाच्या नावाची, काही नाही.

सुरुवात आम्ही सातबाऱ्यापासून केली. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात बारीक आकडे असतात. बहुतेक शेतकरी त्यांच्याकडे बघत नाहीत. ते फेरफाराचे नंबर. एकेका नंबराची नोंद गाव नमुना सहामध्ये सापडते: कोण मेला, वारस कोण, कोणी विकले, कोणी गहाण टाकले. त्या नोंदीत त्याच्या आधीचा नंबर मिळतो. असे एकेक पायरी मागे जायचे. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली झाला, त्यामुळे पहिले फेरफार साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतले. त्याच्याही मागे जायचे तर भूमी अभिलेख कार्यालयातला आकारबंद आणि मूळ मोजणीची टिपणे.

फेरफाराने आम्हाला १९३० च्या आसपास आणून सोडले आणि तिथे वाट अडली. रजिस्टरची पाने ओलीने एकमेकांना चिकटलेली. ब्लेडने सोडवू गेलो तर शाई वरच्या पानाबरोबर निघून यायला लागली. तेव्हा आम्ही दुय्यम निबंधकाकडे वळलो. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो आणि नोंदलेल्या दस्ताची नक्कल तिथे राहते. सूचीही असते, एक माणसांच्या नावांची, दुसरी मिळकतींची. चौथ्या दिवशी खंडपट्टा मिळाला.

मित्रांनो, सातबारा माणसाबद्दल फार काही सांगत नाही. दस्त सांगतो. लिहून देणाराचे नाव, बापाचे नाव, ‘वय सुमारे’ अमुक, धंदा शेती, राहणार मौजे अमुक. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. आणि ‘राहणार’च्या पुढे आमच्या या तालुक्यातले गाव नव्हतेच! तिथे पुरंदर तालुक्यातले गाव होते. तिघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. आपण इथलेच, अनादिकाळापासून इथलेच, असे ते समजत होते.

यात नवल काही नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराला सुरू झाला, तेव्हा सासवडकडचे माळी बागायतदार पाण्याच्या मागे खाली उतरले. गोदावरीच्या कालव्यांना पाणी आल्यावर त्यांतली घरे कोपरगावकडे आली. त्यांच्यातल्याच लोकांनी १९३२ साली अकलूजजवळ माळीनगरला सासवड माळी साखर कारखाना उभा केला. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या मागून इतर जातींचीही माणसे आली: कोणी वाटेकरी, कोणी मोटकरी, कोणी गुळाच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या. या भावांचा पणजोबा त्यांतलाच एक असावा. आला, थोडी जमीन घेतली आणि दहा-बारा वर्षांत तीच खंडाने देऊन बसला.

माणसे पाण्याच्या मागे का आली हे सांगतात, ती पुन्हा का उठली हे कोणी सांगत नाही. ते पिकाच्या रकान्यात वाचावे. आम्ही शेतकी पदवीधर असल्यामुळे आमचा डोळा तिकडे आधी जातो. एका गटाला ऊस, ऊस, ऊस, मग कडवळ, मग पड. पुढे वर्षानुवर्षे पड. ज्याने चोपण जमीन पाहिली आहे त्याला हे कोडे पडणार नाही. पाणी भरपूर, निचरा नाही, मीठ वर आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास १९१० च्या सुमाराला छापला होता. इशारा छापून झाला, कालवे वाढत गेले, निचऱ्याचे चर मागेच राहिले आणि बिऱ्हाडे पुढच्या कालव्यावर गेली. घराण्याचे स्थलांतर शोधायचे असेल तर नावाचा रकाना वाचून थांबू नका, पिकाचाही वाचा.

आता या गोष्टीतला जो भाग लिहायला आम्हाला जड जाते, तो.

वंशावळ तयार झाली. पणजोबा, त्याचा एक मुलगा, त्याचे तीन मुलगे, त्यांचे वारस. आमच्याच कार्यकर्त्याने सुबक अक्षरात लिहून दिली, आम्ही नजर फिरवली, ‘ठीक’ म्हटले. त्या कागदावर खालपासून वरपर्यंत एकही बाई नव्हती. ज्या चळवळीच्या बैठकीत आम्ही स्त्रियांच्या नावावर जमीन व्हावी म्हणून घसा कोरडा करतो, त्या चळवळीच्या कार्यालयात हा कागद तयार झाला.

चूक उघड झाली ती एका दुसऱ्याच कामामुळे. आजोबांची मृत्यूतारीख हवी होती म्हणून गाव नमुना चौदा काढला. आपल्याकडे याला कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म आणि मृत्यू त्यात लिहिलेले असतात. (१९१८ सालच्या पावसाळ्याअखेरची पाने कोणी पाहिली तर छातीत धस्स होते. एकेका पानावर खाली खाली तेच कारण: ताप, ताप, ताप. इन्फ्लुएंझाची ती साथ.) जन्माच्या भागात १९२२ साली आजोबांच्या नावापुढे नोंद होती, ‘मुलगी’. तेवढेच. नाव नाही. तेव्हा बारशाच्या आधीच नोंद व्हायची आणि पुन्हा नाव भरायला कोण येणार?

ती जगली की गेली? मृत्यूच्या रकान्यात नव्हती. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नव्हती. लग्नाची नोंद त्या काळी गावात कुठे होतच नव्हती. आम्ही सोडून द्यायच्या बेतात होतो. आमच्याबरोबर काम करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, ‘‘पहिले बाळंतपण माहेरी होते. पुढच्या वीस वर्षांची पाने बघा.’’

बघितली. १९४० सालच्या पानावर मुलगा जन्मल्याची नोंद, जन्म आमच्या गावात, बापाचे नाव परके, राहणार वैजापूर तालुका. जावई नदीपलीकडचा! इतकी वर्षे आम्ही दप्तर वाचतो, हे आमच्या डोक्यात आले नव्हते. ज्या लेकीचे नाव जमिनीच्या कुठल्याच कागदाला लागले नाही, ती आपल्या बाळंतपणामुळे सरकारी दप्तरात सापडली.

गोदावरी ओलांडली की दप्तराची भाषा बदलते. वैजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात. कागद उर्दूत, वर्ष फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, शके असेल तर ७८ मिळवायचे, एवढे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवे. १९५४ च्या सुमाराचे खासरा पाहणी पत्रक मिळाले की मराठवाड्यातली निम्मी कामे मार्गी लागतात. निवृत्त उर्दू शिक्षकांनी आम्हाला ते वाचून दिले, चहासुद्धा घेतला नाही. त्या लेकीचा नवरा त्यात निघाला आणि त्याच गावात तिचा मुलगा भेटला. सत्तरी ओलांडलेला. आईचे माहेर त्याला माहीत होते. आईचा माहेरी काही हक्क होता, हे माहीत नव्हते.

कायद्याचे म्हणाल तर आजोबा १९६१ साली वारले. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. म्हणजे वारस म्हणून लेकीचे नाव त्याच वेळी लागायला हवे होते. १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती आणि २००५ ची केंद्राची, इथवर जायचीसुद्धा गरज नाही. पण वारसनोंद करताना तिघा मुलांनी नावे सांगितली तीन, तलाठ्याने लिहिली तीन. कित्येक गावांत याहून सभ्य पद्धत आहे: मुलींची नावे लिहायची, पण ‘इतर हक्क’ या रकान्यात. घरातल्या माणसाला वळचणीला बसवण्यातला तो प्रकार.

आम्ही वंशावळ पुन्हा लिहिली. गावातल्या भावाने सही केली, जरा कुरकुरत. गिरणीवाल्याच्या मुलाने फोनवर विचारले, ‘‘तुम्ही आमची जमीन सोडवायला आलात की वाटायला?’’ प्रश्न चुकीचा नव्हता. ज्याची जमीन दोन पिढ्या गेली, त्याच्या वाट्याला आधीच थोडे येते, त्यात आणखी एक हिस्सेदार. आम्ही त्याला एवढेच म्हणालो की, तुझा बाप मुंबईला गेला म्हणून गावातल्या भावाने तुझे नाव गाळले असते, तर तू याच कार्यालयात आला असतास. त्याने फोन ठेवला. सही अजून आलेली नाही.

आणखी काही ठिकाणे सांगून ठेवतो. पोरांची जुनी शाळा विसरू नका. एका गावच्या रजिस्टरात ‘गाव सोडले’ आणि दुसऱ्यात त्याच साली दाखला, असा मेळ लागला की बिऱ्हाड कधी हलले ते कळते. आडनाव शोधत बसू नका. जुन्या कागदात नाव, ‘बिन’ किंवा ‘वलद’, आणि बापाचे नाव, एवढेच असते. बऱ्याच घरांना आडनाव मास्तरांनी शाळेत दिले. रामा, रामजी आणि रामचंद्र हे तीन माणूस आहेत की एक, हे गट नंबर आणि बापाच्या नावावरून ठरवा. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत गाववार नामावळी असतात. कचेरी त्या मानील न मानील, पण दिशा मिळते.

ज्यांना जमीनच नव्हती त्यांचे काय? सातबाऱ्याची शिडी त्यांच्या दारापर्यंत जात नाही. महार वतन असेल तर वतनाच्या कागदात, आणि १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्याच्या कायद्यानंतर झालेल्या नोंदींत घराणे सापडते. नाहीतर कोतवाल बुक आणि शाळा, एवढेच. जन्माला आणि मरणाला मात्र त्या दप्तराने जमीनदाराइतकीच एक ओळ दिली आहे.

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात महसुलाची जुनी कपाटे उघडली, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. पुष्कळ कागद स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’वर आले आहेत. ही चांगली गोष्ट झाली. पण जे पान ओलीने गेले ते संगणकावर कुठून येणार? आमच्या जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याच्या अभिलेख कक्षात चिकटलेली, वाळवी लागलेली रजिस्टरे किती, याची यादी तहसीलदारांकडे मागायची, असा ठराव जिल्हा बैठकीपुढे येईल.

त्या दिवशी मंडपाच्या मागच्या बाजूला एक टेबल असेल. एक मोडी वाचणारे आणि ते उर्दूचे मास्तर बसतील. येताना पत्र्याच्या पेटीतले जुने कागद आणा. मूळ कागद कोणाच्याही हातात सोडू नका, आमच्यासुद्धा. झेरॉक्स काढून द्या. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला निघण्याआधी विचारून या की, तुमच्या आत्या, आतेसासवा कोणकोणत्या गावांना दिल्या होत्या. ती गावे कागदाच्या मागे लिहून आणा.