तासाचे पैसे, तासाबाहेरचे जीवशास्त्र

विमानाने बंगळूरला जाणारा प्रवासी खरे तर बंगळूरला उतरतच नाही. तो उतरतो देवनहळ्ळीला. २४ मे २००८ रोजी इथला विमानतळ सुरू झाला आणि टिपू सुलतानाचे जन्मगाव व गोड पपनसांचा मुलूख एवढीच ओळख असलेल्या या तालुक्याचा नूर पालटला. द्राक्षांच्या मळ्यांशेजारी हॉटेले आली, कारखाने आले, जमिनीला सोन्याचा भाव आला. विमान-उद्योगासाठी सरकारने मागितलेली १,७७७ एकर जमीन द्यायला शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ नकार दिला आणि जुलै २०२५ मध्ये सरकारलाच तो बेत सोडून द्यावा लागला.

या शेतकऱ्यांची मुलेमुली शिकतात कुठे? ज्यांना परवडते ती बंगळूरच्या खासगी कॉलेजांत जातात. बाकीच्यांसाठी असते सरकारी प्रथम दर्जा कॉलेज. ‘प्रथम दर्जा’ या नावावर जाऊ नये. कर्नाटकात पदवीपर्यंतच्या सरकारी कॉलेजला हेच नाव आहे. अमेरिकेत ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात, म्हणजे घराजवळचे, कमी फीचे, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्यांचे, त्याच्या सर्वांत जवळचे आपल्याकडे हेच. आणखीही एक साम्य आहे. अमेरिकेतल्या त्या कॉलेजांत सुमारे दोनतृतीयांश शिक्षक अर्धवेळ असतात. कर्नाटकातल्या सरकारी कॉलेजांचा गाडाही हजारो अर्धवेळ शिक्षकांच्या खांद्यावर चालतो. त्यांना सरकारने मोठे गोड नाव दिले आहे : अतिथी व्याख्याते.

अतिथी चार दिवस राहतो आणि जातो. हे अतिथी मात्र दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे तेच वर्ग शिकवीत आहेत. दरवर्षी नव्याने अर्ज, नव्याने निवड, आणि वर्ष संपले की पुन्हा घरी.

जानेवारी २०२२ पर्यंत त्यांना महिन्याला ११ ते १३ हजार रुपये मिळत. त्या महिन्यात सरकारने ही रक्कम पात्रता आणि अनुभव पाहून २६ ते ३२ हजारांवर नेली. वाढ दुपटीहून अधिक, म्हणजे आनंदच व्हायला हवा होता. पण त्याबरोबर एक अट आली. आधी आठवड्याला आठ-दहा तास शिकवणारा अतिथी आता पंधरा तास शिकवणार. हिशेब सोपा आहे. आठवड्याचे तीस तास जिथे तिघांत वाटले जात, तिथे आता दोघे पुरतात. तिसऱ्याने काय करायचे? पगारवाढीची बातमी वाचून घरात पेढे आले आणि पाठोपाठ काम गेल्याचा निरोप आला, असे ज्या घरांत झाले असेल तिथली चुलीपुढची शांतता कल्पनेनेच जाणावी. आंदोलने झाली. २०२३ च्या अखेरीस नोकरीत कायम करण्यासाठी पुन्हा संप झाला. जानेवारी २०२४ मध्ये सेवेच्या वर्षांप्रमाणे ५ ते ८ हजारांची आणखी वाढ मिळाली. कायम नोकरीची मागणी मात्र तिथेच राहिली.

इतिहासाच्या किंवा भाषेच्या शिक्षकालाही हे सारे सोसावे लागते, हे खरे. पण जीवशास्त्राची गोष्ट थोडी वेगळी आहे. या विषयाचा तास घंटेला सुरू होत नाही आणि घंटेला संपत नाही. प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळांची टोके हवी असतील तर कांदे तीन-चार दिवस आधी पाण्यावर ठेवावे लागतात. डबक्याचे पाणी सकाळी आणावे लागते, पावावरची बुरशी आठवडाभर सांभाळावी लागते, काचपट्ट्या धुवाव्या लागतात. पूर्वी निदान बेडूक आणि झुरळ होते. कापले, पाहिले, वहीत काढले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितले आणि २०१४ साली ते बंदच केले. निर्णय योग्यच होता. पण बेडकाच्या जागी काय आणायचे, हे ज्याने त्याने शोधायचे राहिले. जिथे संगणक नाही, किंवा आहे आणि चालत नाही, तिथे ते शोधणार कोण? तासाचे मोजमाप होणारी शिक्षिकाच.

आणि देवनहळ्ळीत शोधायला गेले तर काय नाही!

तालुक्यात विजयपुरा नावाचे गाव आहे. (आदिलशाहीचे विजापूर ते वेगळे.) या भागात, आणि शेजारच्या शिडलघट्ट्याला तर अधिकच, घरोघर तुती आणि रेशमाचे किडे. किडा चार वेळा कात टाकतो, मग खाणे सोडून कोष विणतो, हे पुस्तकातले पान इथल्या मुलीने सातव्या वर्षीच पाठ केलेले असते, कारण रात्री उठून पाला घालायचे काम तिच्याकडे असते. तिला फक्त एक प्रश्न विचारायचा : घरचेच पतंग ठेवून अंडी का घेत नाही, दरवेळी विकत का आणता? वडील म्हणतात म्हणून, असे उत्तर येते. विकतची अंडी दोन जातींच्या संकराची असतात. त्यांची पुढची पिढी घरीच वाढवली तर गुण विखुरतात आणि कोष एकसारखे येत नाहीत. मेंडेलने वाटाण्यात पाहिले ते हेच. फळ्यावर चौकोन काढून शिकवायला पाऊण तास लागतो. घरच्या किड्यांवरून शिकवले तर जन्मभर विसरत नाही.

दुसरे उदाहरण पपनसाचे. देवनहळ्ळीच्या पपनसाला, म्हणजे इथल्या ‘चक्कोत्या’ला, भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पपनस हे लिंबू कुळातल्या मोजक्या मूळ पुरुषांपैकी एक. नागपूरचे संत्रे ज्या वंशाचे, त्या वंशाशी पपनसाचा संकर झाला आणि त्यातून आपण ज्याला मोसंबी म्हणतो तो वंश निघाला. फळाच्या दुकानात शेजारी शेजारी मांडलेले हे नातेवाईक किती जणांना ठाऊक असतात?

तिसरी जागा नल्लूरची. याच तालुक्यातल्या या गावाजवळ सुमारे ५४ एकरांवर चिंचेचे जुने बन आहे, जवळजवळ ३०० झाडांचे. २००७ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले गेले; देशातले असे हे पहिलेच. झाडे बियांपासून वाढलेली, त्यामुळे एकाची चिंच दुसरीसारखी नाही : कुठे आखूड, कुठे लांब, कुठे वाकडी. गंमत म्हणजे जिच्या शास्त्रीय नावात ‘इंडिका’ आहे ती चिंच मूळची आफ्रिकेतली. वर्गातल्या वीस मुलांनी वीस झाडांच्या शेंगा मोजल्या की तफावत म्हणजे काय हे व्याख्येविना कळते. खर्च म्हटला तर एक मोजपट्टी आणि बसचे भाडे.

पण त्या दिवसाचे पैसे कोण देणार? नल्लूरला जाणे हा ‘तास’ नव्हे. आदल्या दिवशी एकटीने जाऊन झाडांवर खुणा करून येणे तर मुळीच नव्हे. पंधरा तास फळ्यासमोर भरले म्हणजे झाले, अशी सरकारची समजूत दिसते.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे परके दुःख समजू नये. आपल्याकडे याला तासिका तत्त्व म्हणतात. २०१८ साली पदवीच्या एका तासाला ५०० रुपये होते, २०२३ मध्ये ते ९०० झाले. आयोगाने मात्र २०१९ सालीच व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार असा दर सुचवला होता. त्यात विज्ञानाच्या शिक्षकाची आणखी एक खास फजिती आहे. प्रॅक्टिकलच्या तासाचा दर व्याख्यानापेक्षा बराच कमी धरलेला आहे. म्हणजे नुसते बोलले तर जास्त पैसे आणि मुलांच्या हातात सूक्ष्मदर्शक दिला तर कमी! हा हिशेब मांडणाऱ्याने शाळेत कधी पान तरी फाडून पाहिले असेल का?

याच विषयाला बाजारात मात्र किंमत आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. साहजिकच कोचिंग क्लासना एम.एस्सी. झालेला, इंग्रजीत भराभर बोलणारा शिक्षक हवाच असतो. तिथे कांदे पाण्यावर ठेवावे लागत नाहीत. चार पर्याय देऊन योग्य तो निवडायला शिकवायचे. घरात दोन लहान मुले आणि सासूबाईंची औषधे असताना एखादीने सरकारी कॉलेज सोडून तिकडचा रस्ता धरला, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे?

तरीही पुन्हा अर्ज भरणारे निघतात. त्यांतले काही पुढे कायम होण्याच्या आशेने थांबतात, काही घराजवळ दुसरे काही नाही म्हणून. आणि काही जण, हेही सांगितलेच पाहिजे, त्या रेशमाच्या घरातल्या मुलीसाठी थांबतात. चिंचा फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकतात. यंदाचा अतिथी पुढच्या हंगामात त्याच वर्गाला घेऊन नल्लूरला जाईल की नाही, हे नव्या यादीत नाव आले तरच कळणार.