माझं फूल छंदाचं, आजीचं फूल गुन्ह्याचं

इंग्लंडमधल्या आमच्या भाड्याच्या घराच्या कुंपणाशी मी तीन वर्षांपूर्वी हॉप्सच्या मुळीचा एक तुकडा लावला. पहिल्या वर्षी नुसती पानं आली. यंदा मात्र वेल दोरी धरून शेजाऱ्यांच्या शेडवर चढला आणि सप्टेंबरात फुलांनी लगडला. फुलं फिकट हिरवी, कागदासारखी. बोटांत चुरडली की आतली पिवळी भुकटी हाताला चिकटते. बिअरचा कडवटपणा आणि वास हिच्यातूनच येतो. शेजारच्या कुंड्यांत रोझमेरी आणि यारो आहेत. हॉप्स सर्रास व्हायच्या आधी युरोपात अशाच पाल्यांनी बिअरला चव आणत.

फुलांचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. पुण्याच्या मित्रांनी ‘रेसिपी पाठव’, ‘एकदम ऑरगॅनिक’ असं काय काय लिहिलं. आईचा मात्र फोन आला. “घरीच करतेस? पोलीस येत नाहीत का गं?”

ग्रुपवर सांगितलं तेव्हा सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण आई विनोद करत नव्हती.

माझी आजी गोंदियाकडची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं झाडाखाली गळून पडतात. टोपली घेऊन ती अंधारातच निघायची. वेचलेली फुलं अंगणात वाळवायची, थोडी घरात ठेवायची, बाकीची बाजारात. त्या फुलांची भाकरी मी खाल्ली आहे, लाडू खाल्ले आहेत. एकदा सरकारी माणसं आली आणि ‘दारूसाठीच साठवलंय’ म्हणत वाळलेली अख्खी गोणी त्यांनी नाल्यात ओतली. भट्टी सापडली नव्हती, बाटलीही नव्हती. होती ती फक्त फुलं. आई तेव्हा दहा वर्षांची होती. पोलिसांचा प्रश्न तिला तिथून सुचतो.

माझंही फूलच आहे. मग माझा छंद आणि आजीचा गुन्हा, हे ठरवलं कोणी?

मुंबई इलाख्यात १८९२ साली इंग्रजांनी मोहाच्या फुलांसाठी खास कायदा केला. अबकारीचं उत्पन्न बुडू नये म्हणून दारूच्या आधी फुलालाच हात घातला. हाच न्याय स्वतःच्या देशात लावायचा, तर केंटमधल्या हॉप्सच्या बागांवर पहारे बसवावे लागले असते. तिथे काय झालं? घरी बिअर करायला लायसन्स लागायचं, तेही १९६३ मध्ये रद्द झालं. अमेरिकेतही १९७८ मध्ये घरच्या बिअरला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली. आपण १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि मोहफुलावरचा संशय तसाच पुढे नेला. महाराष्ट्र सरकारने ती बंधनं सैल केली ती थेट २०२१ साली. इंग्रज जाऊन सत्तरेक वर्षं झाल्यावर!

आता तुम्ही म्हणाल, बिअर वेगळी आणि मोहाची दारू वेगळी. बरोबर. बिअर नुसती आंबवतात, मोहाची दारू भट्टीवर गाळतात. विनापरवाना गाळणं इंग्लंडमध्येही गुन्हाच आहे, आणि घरोघरी भट्ट्या लावा असं मी म्हणत नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं दारूने मेली, हेही मला माहीत आहे. पण ते बळी मिथेनॉलचे होते, म्हणजे कारखान्यातल्या रसायनाचे. तो दोष मोहाच्या झाडाच्या माथी मारू नका.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या चळवळीतून, आणि तिच्यात बायका पुढे होत्या. पिऊन आलेल्या नवऱ्याचा मार ज्यांनी खाल्ला, त्यांना संस्कृतीचे धडे देण्याची माझी लायकी नाही. दारू नको म्हणायचा त्यांचा हक्क पक्का आहे. पण दारूला नको म्हणणं वेगळं आणि फूल वेचणाऱ्या बाईला चोर ठरवणं वेगळं. त्या गावांतल्या कितीतरी बायका मोह वेचूनच चार पैसे हातात धरतात.

माझी चीड आहे ती शहरातल्या आपल्या लोकांवर. टॅपरूममध्ये बसून हॉप्सच्या जातींवर तासभर बोलणारे आपण. क्राफ्ट, लोकल, हँडमेड हे शब्द आपल्याला फार आवडतात. मोहाचं नाव निघालं की तोंडात एकच शब्द येतो, ‘गावठी’. तीच साखर, तेच यीस्ट. आपण करतो ते प्रयोग, आदिवासी करतो ते व्यसन. ही चव नाही, जात आहे.

वनहक्क कायदा २००६ चा आहे. जंगलात राहणाऱ्यांना त्याने गौण वनोपजावर मालकी दिली, आणि मोहफूल त्यातच येतं. तेव्हा दया कोणी मागत नाही. या फुलाला पीक म्हणा, अन्न म्हणा, रास्त भाव द्या. त्याचं पुढे काय करायचं ते गावाच्या ग्रामसभेला ठरवू द्या. ती बंदी म्हणाली तर बंदी.

माझी फुलं आता वाळली आहेत. पुढच्या रविवारी उकळायला घेईन. दारावर कोणी येणार नाही, हे मला माहीत आहे. आजीला ते कधीच माहीत नव्हतं.