राजीनामा आणि कबुलायत

शिवाजीनगरच्या न्यायालयाबाहेर टंकलेखनाचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांकडे मध्यंतरी माझे एका प्रतिज्ञापत्राचे काम निघाले होते. माझ्या आधी आलेल्या तरुणाला नोकरीचा राजीनामा टंकून हवा होता. नाव, हुद्दा, तारीख विचारून झाल्यावर टंकलेखकाने ‘कारण?’ एवढेच विचारले. तरुण क्षणभर घुटमळला, आणि त्याच्या उत्तराची वाट न पाहता त्या सराईत बोटांनी ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द उमटवूनही टाकले. चार ओळींचा तो कागद घेऊन तरुण निघून गेला. माझ्या मनात मात्र त्या कागदाचे नाव घोळत राहिले.

‘राजी’ हा शब्द मूळचा अरबी, ‘नामा’ हा फार्सी. आणि दोहोंच्या संयोगाने होणारा अर्थ संमतिपत्र इतकाच आहे. ज्या धातूपासून ‘राजी’ आला त्याच धातूपासून आपली ‘रजा’ आली. प्रथम संमती, मग परवानगी आणि अखेरीस कचेरीतून मिळणारी सुट्टी असा तिचा प्रवास झाला. ‘नाराज’ हाही त्याच घराण्यातला. म्हणजे जो नाराज झाला तोच राजीनामा लिहितो, अशी मोठी मौजेची विसंगती आपण रोज निर्विकारपणे उच्चारीत असतो. इंग्रजांनी या कामी योजलेल्या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील मोहोर काढून टाकण्याची, नोंद रद्द करण्याची कल्पना आहे. उत्तर हिंदुस्थानात पद सोडणारा इस्तीफा देतो, आणि राजीनामा म्हटला की तिकडे वादी-प्रतिवादींनी कोर्टात दाखल केलेली तडजोड समजली जाते. गुजराती आणि कन्नड हे आपले दोन शेजारी मात्र या शब्दाच्या बाबतीत आपल्याच पंक्तीला आहेत.

संमतीच्या कागदाला पदत्यागाचा अर्थ कसा चिकटला असावा, याचा माग जुन्या महसुली दप्तरात लागतो. मुंबई इलाख्यात खातेदाराला जमीन सोडावयाची झाल्यास तो सरकारात राजीनामा देई, आणि जो ती पुढे कसणार तो कबुलायत लिहून देई. पहिल्या कागदाने एकाचा हक्क स्वखुशीने सुटे, दुसऱ्याने सारा भरण्याची जबाबदारी दुसऱ्याच्या शिरी येई, आणि जमीन बेवारशी पडत नसे. राजीनामा आणि कबुलायत ही अशी जोडीने नांदणारी कागदपत्रे होती. त्यांतील एकच आपण जपून ठेवले आणि दुसरे हरवून बसलो, ही माझी खरी तक्रार आहे.

ही जोडी सांभाळणारी माणसे याच पुणे शहरात होऊन गेली आहेत. केसरीचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर यांचे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी जमेना, तेव्हा 1887 साली त्यांनी ते संपादकपद सोडले आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढून आपली मते आपल्या जोखमीवर मांडण्यास आरंभ केला. आजीव सभासदांनी संस्थेबाहेरील कामे आणि त्यांची प्राप्ती स्वीकारावी की नाही या वादातून 1890 च्या डिसेंबरात टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, ती मतभेदाची मीमांसा करणारे विस्तृत निवेदन लिहून. ज्या संस्थेच्या उभारणीत ऐन तारुण्याची वर्षे खर्ची पडली तिचा निरोप चार ओळींत घेणे त्यांना प्रशस्त वाटले नसावे. यानंतर 1891 मध्ये केसरी आणि मराठा ही पत्रे कर्जासकट त्यांनी आपल्याकडे घेतली, आणि सोसायटीचा भार आगरकर-गोखले यांनी वाहिला. उभयतांत कोणाचे बरोबर होते हा वाद पुण्यात अद्याप मिटलेला नाही. परंतु राजीनाम्यामागोमाग दोन्ही बाजूंनी कबुलायत लिहिली गेली, हे कोणालाही मान्य व्हावे.

पुढे हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून 1951 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंत्रिपद सोडले, आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जात असल्याचे पाहून 1956 साली चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले; कशास आपली संमती नाही हे दोघांनीही देशासमोर उघडपणे मांडले.

आजची वर्तमानपत्रे उघडावीत तर राजीनामा ‘मागितला’ जातो, ‘घेतला’ जातो, ‘खिशात’ ठेवला जातो, ‘फेटाळला’ जातो. ज्याच्या स्वखुशीवर हा शब्द उभा आहे तो इसम या साऱ्या क्रियापदांत केवळ कर्म होऊन बसला आहे. नैतिक जबाबदारी स्वीकारल्याचे जाहीर होते, परंतु नेमके काय चुकले याचे अवाक्षरही कागदावर नसते, आणि रिकाम्या खुर्चीचा ‘अतिरिक्त कार्यभार’ अशा कोणाकडे जातो की ज्याला आधीच्या गोंधळाविषयी विचारले असता तो आपल्या आधीच्याकडे बोट दाखवतो.

त्या तरुणाला मी दोष देत नाही. पुढची नोकरी मागच्या मालकाच्या दाखल्यावर अवलंबून असणाऱ्याने कारण गिळणेच शहाणपणाचे, आणि टंकलेखक ते पुरते ओळखून होता. परंतु जनतेच्या पैशाने ज्यांना पद मिळाले, मग ते मंत्री असोत, कुलगुरू असोत की महामंडळांचे अध्यक्ष, त्यांना ‘वैयक्तिक कारणास्तव’ या आडोशाचा अधिकार नसावा. आपण कशास राजी नाही हे जाणाऱ्याने लिहावे, मागे राहिलेले कोणते काम आपण पत्करीत आहोत हे येणाऱ्याने लिहावे, आणि हे दोन्ही कागद लोकांना वाचावयास मिळावेत. जमिनीच्या एका तुकड्यासाठी मामलेदार जेवढी खातरजमा करीत असे, तेवढी राज्याच्या कारभारासाठी मागणे म्हणजे काही फार मागणे नव्हे.