डाग उचलणाऱ्यालाच डाग

जो तुमच्या दारात कधी आलाच नाही, त्याला तुम्ही दारातून हाकलता कसं? हा सवाल मी बँकांना, तिकीटवाल्यांना, परीक्षेचे फॉर्म भरून घेणाऱ्या सायबांना विचारतोय. त्यांच्याकडं उत्तर नाही. त्यांच्याकडं फक्त यादी आहे.

मी गोदीत कंत्राटावर काम करतो. शिक्षण दहावी पास. कविता लिहितो, ते राहू द्या. घरात लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एक सेकंडहॅण्ड कॉम्प्युटर आहे. केबलवाल्याला महिन्याचे जास्तीचे पैसे मोजून मी कायमचा आयपी पत्ता घेतला आणि त्या कॉम्प्युटरवर टोरचा रिले चालू केला. म्हणजे कुणीतरी अनोळखी माणसानं अनोळखी माणसाला पाठवलेलं सामान माझ्या खोलीतून पुढं जाऊ द्यायचं. फुकट. वीज माझी, लाइन माझी. हा माझा गुन्हा.

टोर म्हटलं की आपल्या पोरांच्या डोळ्यापुढं मुखवटा घातलेला हॅकर आणि गांजाची पुडी येते. सिनेमावाल्यांची कृपा. ही कल्पना निघाली १९९० च्या दशकाच्या मध्यात, अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत. होय, नौदलाच्याच. पण त्यांच्या लवकरच ध्यानात आलं की एखाद्या दारातून फक्त गणवेशातलीच माणसं ये-जा करत असली तर ते दार लपत नाही. लपायला गर्दी लागते. गर्दीत विद्यार्थी पाहिजे, पत्रकार पाहिजे, नवऱ्याच्या मारातून पळालेली बाई पाहिजे, माझ्यासारखा हमालही पाहिजे. २००२ साली जाळं सुरू झालं, २००४ साली त्याचा कोड सगळ्यांना मोकळा केला, २००६ साली त्यासाठी बिननफ्याची संस्था उभी राहिली. आज जगभर काही हजार रिले चालतात आणि ते चालवणारे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत.

काम कसं चालतं ते गोदीच्या भाषेत सांगतो. सामानाच्या नगाला आपण डाग म्हणतो. असा एक सीलबंद डाग तीन हातांतून जातो. पहिल्या हाताला माहीत असतं की डाग कुणी दिला, पण जातोय कुठं ते माहीत नसतं. मधल्या हाताला दोन्ही माहीत नसतं, त्याला फक्त आपल्या मागचा हात आणि पुढचा हात दिसतो. तिसरा हात शेवटचं वेष्टण काढतो आणि डाग त्या वेबसाइटच्या दारात नेऊन ठेवतो. या तिसऱ्याला एक्झिट म्हणतात. वेबसाइटला दिसतो तो फक्त या तिसऱ्याचा पत्ता. पहिल्याचा नाही. मधल्याचा तर मुळीच नाही.

मी मधला आहे.

आता नीट ऐका, कारण सगळी गोम इथंच आहे. मधल्याच्या पत्त्यावरून टोरचा एकही डाग कुठल्याच वेबसाइटच्या दारात जात नाही. तशी रचनाच आहे, सेटिंगच तसं लावलेलं असतं. मग माझ्या पत्त्यावरून बँकेच्या दारात कोण आलं? मी आलो. माझी आई आली, लाइट बिल भरायला. माझी बहीण आली, फॉर्म भरायला. दुसरं कुणी येऊच शकत नाही. म्हणजे माझा पत्ता बंद केल्यानं टोर वापरणारा एकही माणूस अडत नाही. एकही चोर अडत नाही. अडतो तो फक्त हमाल आणि हमालाचं घरदार.

आमच्या घरी हे असं कळलं. बहिणीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. पान उघडेना. पांढऱ्या पडद्यावर ४०३, खाली अ‍ॅक्सेस डिनाइड. तिला वाटलं सर्व्हर बसला. मोबाइलच्या डेटावर उघडलं तर चटकन उघडलं. मग बँकेचं बघितलं, तेही बंद. तिकिटाचं बंद. बँकेला फोन लावला. अर्धा तास सनई ऐकल्यावर एक पोरगी बोलली.

"सर, आमची सिस्टीम दाखवते की तुमच्या नेटवर्कवरून संशयास्पद हालचाल आहे."

"कसली हालचाल, ताई? तारीख सांगा, वेळ सांगा."

"सर, तेवढंच दाखवतंय."

"कुणी ठरवलं?"

"सर, ते सिस्टीम ठरवते."

तिच्यावर राग नाही. तीही आपल्यासारखीच कंत्राटावर असणार. पण ही सिस्टीम कोण? सिस्टीमला आईबाप आहेत की नाहीत?

आहेत. टोरच्या रिलेंची यादी उघडी असते. ती उघडी ठेवावीच लागते, नाहीतर टोर वापरणाऱ्याला रस्ता कसा सापडणार? तासातासाला ताजी यादी निघते आणि त्यात प्रत्येक रिलेपुढं तो एक्झिट आहे की नाही हे स्पष्ट लिहिलेलं असतं. शिवाय टोरवाले नुसत्या एक्झिटची वेगळी यादीही फुकट देतात. सांगतात, बाबांनो, अडवायचंच असेल तर एवढेच पत्ते अडवा. पण आयपी पत्त्यांची अब्रू जोखायचा धंदा करणाऱ्या कंपन्या आहेत. अमुक पत्ता चांगल्या घरचा, तमुक पत्ता बदनाम वस्तीतला, असे दाखले त्या विकतात. त्यातल्या काही दोन्ही याद्या वेगळ्या देतात, काही सगळ्यांना एकाच गोणीत भरतात. घेणाऱ्या ऑफिसातला बाबू काय करतो? मोठी यादी उचलतो. मोठी यादी म्हणजे जास्त सुरक्षा, असं त्याच्या सायबाला वाटतं. कुणी विचारत नाही, कुणाला विचारायची गरज नाही, कारण जो बाहेर राहिला त्याची तक्रारही बाहेरच राहते. तक्रारीचा फॉर्मसुद्धा त्याच वेबसाइटवर असतो, च्यायला!

कृत्य बघायचं नाही, यादीतलं नाव बघायचं. ही अक्कल नवी नाही. १८७१ साली इंग्रजानं गुन्हेगार जमाती कायदा केला. माणूस जन्मला की यादीत. चोरी केली का, हा प्रश्नच नाही. हजेरी लाव, परवाना घे, सेटलमेंटमध्ये राहा. सोलापूरच्या तारेच्या कुंपणात पिढ्या गेल्या. १९५२ साली तो कायदा गेला, तरी गावोगावच्या पोलिसांच्या डोक्यातली यादी गेली नाही. तो छळ आणि हे ४०३ मी एका तराजूत घालत नाही, कुणी तसं म्हणाला तर त्याच्या थोबाडीत देईन. पण यादी करणाऱ्याचा आळस तोच. याच महाराष्ट्रानं २०१६ साली वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला. जातपंचायतीनं घराचं मीठ-पाणी बंद केलं तर तिच्यावर खटला भरता येतो. यंत्रानं घर वाळीत टाकलं तर कुणावर भरायचा?

आता समोरच्याची बाजू. पळवाट काढणारा मी नाही. टोरवरून घाणही जाते. पासवर्ड फोडणारे, स्पॅमवाले, लहान पोरांच्या अंगाचा बाजार मांडणारे हरामखोर, सगळे तो रस्ता वापरतात. २०१६ साली क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या मालकानं लिहिलं की त्यांच्याकडं टोरमधून येणाऱ्या विनंत्यांपैकी ९४ टक्के उपद्रवी असतात. टोरवाल्यांनी विचारलं, हे मोजलं कसं? एका एक्झिटमागं हजारो माणसं असतात, त्यातल्या एकानं दगड मारला की तुम्ही सगळ्या गल्लीला दंगलखोर ठरवता. वाद झाला, चांगला झाला. त्याच कंपनीनं २०१८ साली टोरवाल्यांसाठी वेगळी वाट करून दिली. म्हणजे मनात आणलं तर वाट निघते. विकिपीडियाचं बघा. टोरच्या एक्झिटवरून आलेल्याला तिथं लेख बदलता येत नाही, पण वाचायला मनाई नाही. आणि मनाई फक्त एक्झिटला, मधल्याला नाही. मला हे पूर्ण पटत नाही, पण निदान त्यात विचार दिसतो. कोण आला, काय करायला आला, हे बघितलेलं दिसतं.

एक्झिटबद्दल वाद होऊ शकतो, हे मी मान्य करतो. एक्झिट चालवणाऱ्याच्या दारात पोलीस येतात. मॉस्कोत एप्रिल २०१७ मध्ये गणित शिकवणाऱ्या एका तरुणाला उचललं, कारण दुसऱ्या कुणाचा मजकूर त्याच्या घरच्या एक्झिटमधून बाहेर पडला होता. तुरुंग झाला, घरात नजरकैद झाली, २०१८ साली केस सोडून दिली. म्हणूनच टोरवाले स्वतः सांगतात, घरून एक्झिट चालवू नका, मधला रिले चालवा. मी तेच केलं. सांगितलेली सगळी खबरदारी घेतली. तरी यादीत. मग खबरदारीचा अर्थ काय राहिला?

आपल्याच कंपूतला एक भिडू म्हणाला, "भाऊ, हे पोट भरलेल्यांचे चोचले. आपल्या माणसाला रेशन मिळत नाही आणि तू आयपी पत्त्यावर रडतोस." त्याला उत्तर देतो. मुकादमाच्या खोट्या हजेरीपटाचा फोटो बाहेर काढायचा तर तू कुठल्या फोनवरून पाठवणार? तुझ्या नावाच्या, तुझ्या आधारला जोडलेल्या सिमवरून? दुसऱ्या दिवशी गेटवर तुझा पास चालणार नाही. गार्डियन, न्यूयॉर्क टाइम्ससारखी वर्तमानपत्रं अशी कागदपत्रं टोरवरूनही घेतात. बीबीसीनं २०१९ साली टोरवर आपलं दुकान उघडलं, कारण पुष्कळ देशांत बीबीसी उघडणं बंद असतं. आणि आपल्याकडं? एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेनं हुकूम काढला की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकांची नावं, पत्ते पाच वर्षं जपून ठेवावेत. काही कंपन्या इथले सर्व्हर उचलून निघून गेल्या. टोरकडं गिऱ्हाइकाचं नाव लिहायला वहीच नाही. नाव विचारल्याशिवाय तुमचा डाग उचलणारा असा हमाल दुसरा दाखवा. ज्यांचं नाव विचारलं की काम बिघडतं, त्यांना हे मी वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरा भिडू शहाणा. तो म्हणतो, "घरून कशाला चालवतोस? डेटासेंटरात भाड्यानं मशीन घे." घेतली तर माझं घर सुटेल, खरंय. पण सगळेच तसं करतात आणि त्यामुळं जाळ्याचा मोठा भाग जर्मनी, अमेरिका, नेदरलँड्समधल्या मोजक्या कंपन्यांच्या कोठारात जाऊन बसलाय. उद्या त्या चार मालकांच्या मानगुटीवर कुणी हात ठेवला की काय? घरोघरचा रिले म्हणजे कुणाच्या एका हातात न मावणारी गोष्ट. वेबसाइटवाले घरच्या माणसाला एकेक करून पिटाळतात आणि जाळं आपोआप भांडवलदाराच्या गोठ्यात जातं. कुणी बंदी घातली नाही, कुणी कायदा केला नाही. नुसतं लाइट बिल भरू दिलं नाही, की काम झालं.

तिसरा म्हणतो ब्रिज चालव. ब्रिजचे पत्ते उघड्या यादीत नसतात. चांगलं काम आहे, इराण, चीन, रशियातल्या माणसांना त्याची गरज आहे, ज्याला जमेल त्यानं करावं. पण सगळेच लपून बसले तर मधला हात कोण?

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात लेबनॉन नावाचं गाव आहे. तिथल्या किल्टन लायब्ररीनं २०१५ च्या उन्हाळ्यात टोरचा रिले लावला. माझ्यासारखाच, मधला. होमलँड सिक्युरिटीच्या एका माणसाची ईमेल स्थानिक पोलिसांकडं आली, पोलीस लायब्ररीला भेटले, लायब्ररीनं रिले थांबवला. मग सप्टेंबरात सभा भरली. गावातले लोक आले, बोलले, आणि लायब्ररीच्या विश्वस्तांनी रिले पुन्हा चालू केला. तिथं निदान दबाव आणणारा हात दिसत होता, सभा घेता आली, तोंडावर बोलता आलं. माझ्याकडं कोण आलं? कुणीच नाही. ४०३ ला सभेला बोलावता येत नाही.

मी रिले बंद केला होता, बहिणीची पुढची परीक्षा होईपर्यंत. काही दिवसांनी एकेक साइट उघडू लागली, जसा जातीबाहेर टाकलेला माणूस दंड भरून आत येतो. माझा नुसता पत्ता शुद्ध झाला म्हणे. परीक्षा झाली, मी रिले परत चालू केला. आई म्हणते, "लेका, तू कुणाकुणाचं ओझं वाहणार?" बिल आता ती मोबाइलवरून भरते.

आता तुम्हाला सांगायचं ते सांगतो. हे वाचणाऱ्यांतले कितीतरी जण आज ठाणे-बेलापूर पट्ट्यात, अंधेरीत, पुण्यात, बँकांच्या आणि सरकारी साइट्सच्या मागं बसून काम करतात. नाइट शिफ्टला, कंत्राटावर. फायरवॉलची यादी तुमच्याच बोटाखाली असते. ती उघडा. त्यात टोर म्हणून काय घातलंय ते बघा. सगळे रिले असतील तर ते काढा आणि एक्झिटची यादी घाला. सायबाला सांगा, मधल्या रिलेवरून टोरचा कुणी येत नाही, आपलंच गिऱ्हाईक बाहेर राहतंय. तो कागद मागेल. कागद मी लिहून देतो, मराठीत, खाली सहीसकट.